दोन्ही तांबूस, दोघांच्याही शेपट्या आखूड: ही जोडी की दोन माद्या?

तुमच्या प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. भोर तालुक्यात ओढ्याकाठी तुमचं शेतघर आहे आणि समोरच्या करंजाच्या लवलेल्या फांदीवर स्वर्गीय नर्तकाचं घरटं आहे. त्यात दोन तांबूस, आखूड शेपटीचे पक्षी आळीपाळीने बसताना दिसतात. लांब शेपटीचा पांढराशुभ्र नर मात्र एकदाच आला, थोडा वेळ ओरडला आणि निघून गेला. म्हणून तुम्ही विचारता की या दोन माद्या आहेत का, नर घरटं सोडून गेला का, आणि तुमच्या ओळखीचे एक हौशी फोटोग्राफर म्हणतात तशी समोरची पानं जरा बाजूला बांधली तर चालेल का.

शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबू शकत नाही. पानांना हात लावू नका. एक डहाळीसुद्धा बांधू नका. कारणं पुढे येतीलच.

पहिल्या दोन प्रश्नांमागे एकच समजूत आहे: पांढरा तो नर, तांबूस ती मादी. आपल्याकडे कॅलेंडरवर, पोस्टरवर नेहमी पांढराच नर छापतात, मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी म्हणून ‘दूधराज’ हे नावही त्या पांढऱ्या रूपावरूनच रूढ झालं, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण या पक्ष्यात रंगावरून नर-मादी ठरवता येत नाही. सगळे पांढरे नर असतात हे खरं. सगळे तांबूस मात्र माद्या नसतात. शेपटीचंही तेच. आखूड शेपटीचा, तांबूस पाठीचा नर बिनदिक्कत संसार करतो, घरटं बांधतो, अंडी उबवतो, पिलं वाढवतो.

मग पाहायचं काय? गळा. तुम्ही दिलेल्या दुसऱ्या फोटोत घरट्यात बसलेल्या पक्ष्याचं डोकं काळं आहे, पण गाल आणि गळ्याकडे ते काळेपण विरत जाऊन राखाडी होतं. ही मादी. तिसऱ्या फोटोत फांदीवर बसलेल्याचा गळा थेट छातीच्या वरच्या कडेपर्यंत चकचकीत काळा आहे आणि तिथे रेघ मारल्यासारखा तुटतो. हा नर, अजून तरुण. आता डोळ्यांभोवतीचं कडं पाहा. त्याचं कडं ठळक निळं, जाडसर. तिचं बारीक आणि फिकट. चोचीतही नराचा निळेपणा जास्त भरतो. म्हणजे तुमच्यासमोर दोन माद्या नाहीत, एक रीतसर जोडी आहे आणि कुणी कुणाला सोडून गेलेलं नाही.

एवढ्या ठामपणे मी हे लिहू शकतो ते तुमचा तिसरा फोटो समोरून आणि ढगाळ उजेडात घेतलेला आहे म्हणून. कडक उन्हात वरून प्रकाश पडला की मादीचा राखाडी गळाही सावलीत काळा दिसतो. उलट बाजूने, पहिल्या वर्षाचा नर जवळपास मादीसारखाच असतो, त्याचा गळा अजून भरलेला नसतो. अशा वेळी फोटोवरून पैज लावू नये. दोन-तीन वेगवेगळ्या उजेडांत पाहावं आणि दोन्ही पक्षी एकाच वेळी जवळ दिसतील तो क्षण पकडावा. शेजारी शेजारी बसले की फरक चटकन कळतो. घरट्यावर पाळी बदलताना हा क्षण नेमका मिळतो: एक येऊन काठाजवळ टेकतो, दुसरा उठतो, आणि क्षणभर दोन्ही गळे समोरासमोर असतात.

आता नराच्या वयाबद्दल थोडं सविस्तर, कारण खरी गंमत तिथेच आहे. घरट्यातून निघालेला नर पहिल्या वर्षी आईसारखा तांबूस, राखाडी गळ्याचा. पुढे गळा काळा होतो, पण शेपूट आखूडच राहतं. त्यानंतरच्या काळात शेपटीतली मधली दोन पिसं लांबायला लागतात. पूर्ण वाढलेल्या नरात ती ३० सेंटिमीटरपर्यंत जातात, आणि पक्षी स्वतः चोचीपासून नेहमीच्या शेपटीपर्यंत जेमतेम २० सेंटिमीटरच्या आसपास, बुलबुलाएवढा. हा लांब शेपटीचा नर काही काळ तांबूसच असतो आणि मग साधारण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या सुमाराला अंग पांढरं होतं. डोकं आणि गळा तेवढा काळा राहतो. मधल्या टप्प्यात पाठ तांबूस आणि शेपूट पांढरं, किंवा एक फीत तांबूस आणि एक पांढरी, असे अर्धेमुर्धे नरही दिसतात. ते पाहून ‘नवीन जात सापडली’ असे फोन मला दर उन्हाळ्यात येतात.

हा क्रम सगळीकडे सारखा नाही, हेही सांगायला हवं. श्रीलंकेत कायम राहणारी जी उपजात आहे तिच्यातले नर पांढरे होतच नाहीत, आयुष्यभर तांबूस राहतात. तिथे हिवाळ्यात जे पांढरे नर दिसतात ते भारतातून गेलेले पाहुणे. पूर्वी पार चीनपासून आग्नेय आशियापर्यंतच्या सगळ्या स्वर्गीय नर्तकांना एकाच जातीत धरत. आता आपला, आग्नेय आशियातला आणि पूर्वेकडे चीन-कोरियाच्या बाजूचा अशा तीन वेगळ्या जाती मानतात. त्यामुळे जुन्या पुस्तकातलं वर्णन वाचताना ते नेमकं कुठल्या पक्ष्याचं आहे हे आधी पाहावं. आपल्या सह्याद्रीत विणीच्या काळात पांढरे, लांब शेपटीचे तांबूस आणि तुमच्याकडच्यासारखे आखूड शेपटीचे तांबूस, तिन्ही प्रकारचे नर घरट्यांवर सापडतात.

नर इतका उशिरा का नटतो, यावर अभ्यासकांची एक मांडणी मला पटते. पांढरं अंग आणि लांब शेपूट म्हणजे ‘मी इथला जुना, अनुभवी नर आहे’ अशी उघड जाहिरात. तरुण नर मादीसारखा दिसला तर जुन्या नरांचा रोष त्याच्यावर कमी ओढवतो, आणि तेवढ्यात त्याला हद्दीचा एखादा कोपरा मिळून जातो. तुमच्याकडे एकदाच येऊन गेलेला पांढरा नर बहुधा ओढ्याच्या वरच्या किंवा खालच्या अंगाचा शेजारी असावा. विणीच्या दिवसांत हे नर एकमेकांच्या हद्दीत डोकावतात. तुम्ही लिहिलंय की तो आल्यावर आखूड शेपटीचा पक्षी घरट्यावरून उठून त्याच्या मागे लागला. मादीही पाठलाग करते, म्हणून तेवढ्यावरून नर ठरत नाही. पण काळ्या गळ्याबरोबर हे वर्तन जोडलं की चित्र जुळतं.

जाता जाता एक: पावसाळा संपताना पांढरा पण आखूड शेपटीचा पक्षी दिसला तर गोंधळू नका. विणीनंतर पिसं बदलतात, तेव्हा लांब पिसंही गळून नवी येतात.

आता घरट्याकडे वळू. मी इतकी वर्षं सह्याद्रीच्या ओढ्याकाठांवर घरट्यांच्या नोंदी ठेवतोय, आणि बांधकामाचे दिवस मला सगळ्यात आवडतात. गवताच्या काड्या, बारीक मुळं, सालीचे धागे आणि हे सगळं धरून ठेवणारी कोळ्याची जाळी, एवढंच सामान. पक्षी जाळं चोचीला गुंडाळून आणतो आणि डहाळीवर चोच पुसावी तसं ते घासून चिकटवतो. मग वाटीत बसून छाती टेकतो आणि जागच्या जागी फिरतो. आतला गोल असा अंगानेच घडतो. बाहेरून कोळ्याच्या अंड्यांच्या पांढुरक्या पिशव्या लावतात, त्यामुळे दुरून ते फांदीवरच्या दगडफुलासारखं दिसतं. आडव्या, टोकाकडे लवलेल्या फांदीच्या बेचक्यात, बहुतेक माणसाच्या डोक्यापासून दोन पुरुष उंचीपर्यंत. खाली पाणी किंवा पायवाट असली तर अधिक पसंत. उघडी जागा उडत येऊन बसायला सोयीची पडते.

अंडी तीन किंवा चार, फिक्या गुलाबीसर रंगाची, जाड टोकाकडे तांबूस ठिपके. उबवायला साधारण दोन आठवडे लागतात. नर आणि मादी दोघंही बसतात, आणि यात पांढऱ्या नराचाही अपवाद नाही. एवढीशी वाटी, त्यात हा बसलेला आणि मागे वीतभराहून लांब पांढऱ्या फिती खाली लोंबताहेत, वाऱ्याने हलताहेत. शत्रूच्या नजरेत भरावं असं हे दृश्य, तरीही तो आपली पाळी चुकवत नाही. तुमचा तरुण नर त्या मानाने लपायला सुखी आहे. पिलं अंड्यातून बाहेर पडल्यावर ९ ते १२ दिवसांत घरटं सोडतात. शेवटच्या दोन दिवसांत ती वाटीत मावत नाहीत, काठावरून ओसंडतात.

पिलं आली आहेत हे घरट्यात डोकावल्याशिवाय कळतं. पालकांच्या चोचीत चतुर, फुलपाखरं, माश्या दिसायला लागतात आणि परतताना चोचीत पांढरी ओलसर गोळी असते. ती पिलांची विष्ठा. पिलू ती पातळ पिशवीत बांधल्यासारखी टाकतं आणि आईबाप ती लांब नेऊन टाकतात किंवा गिळतात, म्हणजे घरट्याखाली खूण राहत नाही. दुर्बिणीतून ही गोळी दिसली की समजायचं, आत सगळं ठीक चाललंय.

भक्ष्य धरायची त्यांची तऱ्हाही तुम्हाला अंगणातून दिसेल. मधल्या उंचीच्या फांदीवर ताठ बसतो, पाय आखूड असल्याने अंग उभं वाटतं, आणि उडता किडा दिसला की झेप घेऊन हवेतच टिपतो. एवढ्यावरून त्याला माशीमार म्हणतात खरं, पण नात्याने तो टिकेलच्या निळ्या माशीमाराच्या कुळातला नाही. त्याचं कूळ वेगळं आहे आणि त्याचे जवळचे सोयरे म्हणजे कोतवाल आणि नाचण. दुपारी उन्हाच्या वेळी ओढ्यातल्या डबक्यावर नजर ठेवा. हा पक्षी काठावर बसून आंघोळ करत नाही, वरच्या फांदीवरून पाण्यात झेपावतो, अंग भिजवतो, परत फांदीवर, पुन्हा झेप. सिंहगडाच्या दरीत मे महिन्यात माणसं या एका दृश्यासाठी तासन् तास बसतात. घरट्यापासून लांब असलेल्या पाण्यावर त्याचे फोटो काढायला काहीच हरकत नाही, आणि तुमच्या मित्रांनाही मी तेच सुचवेन.

घरट्यावर मात्र नको. तुम्ही म्हणता, ‘पानं तोडणार नाही, फक्त दोऱ्याने मागे ओढणार, फोटो झाला की सोडणार.’ समोरची दोन पानं म्हणजे त्या घरट्याचं छप्पर आणि भिंत दोन्ही. मेअखेरीच्या उन्हात आच्छादन गेलं तर उघडी पिलं तापून मरतात, आणि तेही पटकन. जूनच्या सरीत तेच आच्छादन थेंबांचा मार अडवतं. तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी: कावळा, भारद्वाज, टकाचोर, शिक्रा हे सगळे घरट्यांच्या शोधातच फिरत असतात. टकाचोर फांदीन् फांदी तपासतो. खार आणि झाडावर चढणारे साप वेगळेच. आणि माणसाच्या हालचालीवर कावळ्याचं बारीक लक्ष असतं. आपण रोज ज्या झाडासमोर उभे राहतो ते झाड तो पाहून जातो. फांद्या छाटून ‘स्वच्छ’ केलेली घरटी मी नंतर रिकामी पाहिली आहेत, आणि तिथले सुंदर फोटो समाजमाध्यमांवर तेव्हाही फिरत होते. याचा मला अजून राग येतो.

कायद्याचं बोलायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कळीत करणं धरलेलं आहे. घर तुमचं, करंज तुमचा, तरीही. अनेक छायाचित्र स्पर्धा आता घरट्यावरचे फोटो स्वीकारत नाहीत. मित्रांना न दुखावता नकार द्यायला हे कारण तुम्हाला सोपं पडेल.

किती लांब राहायचं, याला एक आकडा नाही. शेतघरासमोरचे पक्षी माणसांच्या येण्याजाण्याला सरावलेले असतात. तुम्ही नेहमीच्या वाटेने न थांबता गेलात तर त्यांना फरक पडत नाही. जंगलातली जोडी त्याहून बरीच बुजरी. म्हणून अंतर मोजण्यापेक्षा पक्ष्याकडे पाहा. तो ‘च्वे, च्वे’ असा घोगरा, खरखरीत आवाज काढत तुमच्याभोवती फिरतोय, चोचीत भक्ष्य धरून फांदीवर ताटकळलाय आणि घरट्यावर जात नाहीये, शेंडी उभारून बसलाय, यातलं काहीही दिसलं तर तुम्ही फार जवळ आहात. लगेच मागे या. पहिले काही दिवस, म्हणजे बांधकाम चालू असताना आणि पहिली अंडी पडताना, ते सगळ्यात सहज घरटं सोडतात. पिलं मोठी झाली की पालक घट्ट चिकटून राहतात, पण तेव्हा वेगळा धोका असतो: भेदरलेली पिलं वेळेआधी बाहेर उड्या मारतात.

तुमच्या हाताने करण्यासारखं एवढंच. घरचं मांजर सकाळ-संध्याकाळ आत ठेवा. करंजाखालचं झुडूप, पाचोळा साफ करू नका, उडायला शिकणारी पिलं तिथेच दडतात. कीटकनाशक फवारायचं असेल तर महिनाभर पुढे ढकला, ही पिलं पूर्णपणे किड्यांवर वाढतात. समोरच्या झाडावर कोतवालाचं घरटं आहे असं तुम्ही लिहिलंय, त्याला अजिबात हुसकावू नका. कोतवाल कावळ्याला आणि शिक्र्याला हद्दीबाहेर घालवून येतो, आणि स्वर्गीय नर्तक त्याच्या आसपास घरटं करतात ते याच फायद्यासाठी. तुमच्या जोडीने जागा चांगली निवडली आहे.

वादळी पावसात पिलू खाली पडलं तर काय, हेही विचारलंय. पिलू उघडं, बिनपिसांचं असेल आणि घरटं हाताला येत असेल तर अलगद उचलून परत ठेवा. माणसाचा हात लागला म्हणून पालक टाकतात हे खरं नाही. पिसं फुटलेलं, टुणटुण उडी मारणारं असेल तर ते पडलेलं नाही, बाहेर आलेलं आहे. जवळच्या झुडपात पानाआड ठेवून लांब जा, पालक आवाजावर येऊन भरवतात. घरात आणून दूध, भात, ब्रेड काहीही भरवू नका. घरटंच खाली आलं असेल तर छोटी टोपली किंवा नारळाची करवंटी, तळाला पाणी निचरायला भोक पाडून, त्यात ते बसवून त्याच फांदीवर बांधा आणि दुरून पाहा. बऱ्याचदा पालक ते स्वीकारतात. जखमी पिलू असेल तर मात्र वनखात्याला कळवा.

या भरवण्यावरून एक आठवलं: स्वर्गीय नर्तकाच्या पिलांना चष्मेवाल्या पक्ष्यांनी भरवल्याची नोंद भारतात झालेली आहे. चोच उघडलेलं पिलू दिसलं की भरवायचं, ही ओढ काही पक्ष्यांत इतकी तीव्र असते. तेव्हा तुमच्या घरट्यावर तिसरा कुणी पक्षी चोचीत किडा घेऊन दिसला तर त्याला शत्रू समजून हाकलू नका. आधी नीट पाहा, आणि वेळ लिहून ठेवा.

नोंदी ठेवणारच असाल तर तारखा लिहा: दोघं बसायला लागल्याची, पहिला किडा आणल्याची, पहिलं पिलू बाहेर पडल्याची. कोण बसलंय हे गळ्यावरून लिहा, ‘पांढरा-तांबूस’ असं नको. आणि पुढच्या मे महिन्यात त्याच ओढ्यावर काळ्या गळ्याचा, लांब शेपटीचा तांबूस नर आला तर तो हाच असेलच असं नाही. पायात ओळखीची कडी घातल्याशिवाय तसं म्हणता येत नाही. पण फोटो मला जरूर पाठवा, पाण्यावरचा.